हवानाला जायचे आहे: एका प्रवासबंदीची साठ वर्षे

१/
३० ऑक्टोबर १९६२. क्यूबातील सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या काठापर्यंत जाऊन परतले, त्याला जेमतेम दोन दिवस झाले होते. त्या दिवशी कनेटिकट राज्यातील लुई झेमेल या गृहस्थांच्या वकिलांनी अमेरिकी परराष्ट्र खात्याला नव्याने विनंती केली: आमच्या अशिलाचा पासपोर्ट क्यूबाच्या प्रवासासाठी वैध करून मिळावा. हेतू? तेथील परिस्थितीविषयीचे कुतूहल शमवणे आणि अधिक जाणकार नागरिक होणे.

२/
झेमेल हेर नव्हते, क्रांतिकारकही नव्हते. बर्फावर घसरण्याच्या खेळाचे एक केंद्र ते चालवीत. त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांनी साधे पर्यटक म्हणून जाण्याची परवानगी मागितली होती, ती नाकारली गेली. ऑक्टोबरमध्येही उत्तर तेच आले. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकापासून क्यूबाचा किनारा सुमारे दीडशे किलोमीटर, म्हणजे आपल्याकडचे मुंबई-पुणे. एवढ्या अंतराच्या सहलीचा बेत करणाऱ्या अमेरिकी नागरिकाला वेगवेगळ्या काळात काय काय करावे लागले, याचा हा धागा.

३/
आधी बंदीपूर्वीचे चित्र. १९६१ पर्यंत अमेरिकी माणसाला क्यूबाला जायला पासपोर्टसुद्धा लागत नसे. अमेरिका खंडातील बहुतेक देशांच्या प्रवासाला तशी सवलत होती. पन्नासच्या दशकात की वेस्टहून हवानाला बोट सुटे आणि लोक आपली मोटार तिच्यावर चढवून जात. बेत आखणे म्हणजे तिकीट काढणे आणि कपडे भरणे, इतकेच.

४/
जानेवारी १९५९ मध्ये फिडेल कॅस्ट्रो यांची क्रांती यशस्वी झाली. पुढच्या वर्षी नव्या सरकारने अमेरिकी कंपन्यांच्या मालमत्ता ताब्यात घेतल्या. ३ जानेवारी १९६१ रोजी अमेरिकेने राजनैतिक संबंध तोडले आणि १६ जानेवारीला परराष्ट्र खात्याने जाहीर केले की क्यूबासाठी यापुढे पासपोर्ट लागेल, आणि विशेष मान्यता घेतल्याखेरीज कोणाचाही पासपोर्ट क्यूबासाठी वैध असणार नाही. म्हणजे कागद सक्तीचा झाला आणि त्याच दिवशी तो कागद निरुपयोगीही झाला.

५/
ही युक्ती नवी नव्हती. १९३७ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धाच्या वेळी अमेरिकी पासपोर्टांवर ‘स्पेनसाठी वैध नाही’ असा शिक्का मारला जाई. तरीही शेकडो अमेरिकी स्वयंसेवक फ्रान्समध्ये उतरून, रात्रीच्या वेळी पिरेनीज पर्वत पायी ओलांडून स्पेनमध्ये पोहोचले. मे १९५२ पासून सोव्हिएत संघ, चीन आणि पूर्व युरोपातील साम्यवादी देशांसाठीही असाच शिक्का आला.

६/
पन्नासच्या दशकात मात्र आणखी एक गोष्ट घडत होती. स्थळाऐवजी माणसावरच बंदी घातली जात होती. सर्वांत प्रसिद्ध उदाहरण गायक-अभिनेते पॉल रोबसन यांचे. त्यांचा पासपोर्ट १९५० मध्ये रद्द झाला. कॅनडाला जायला पासपोर्ट लागत नसे, तरी जानेवारी १९५२ मध्ये त्यांना सीमेवर अडवले गेले. व्हँकुव्हर येथे खाणकामगारांच्या अधिवेशनात त्यांना गायचे होते. दुसऱ्या दिवशी ते दूरध्वनीवरून गायले.

७/
१८ मे १९५२ रोजी रोबसन पुन्हा सीमेवर गेले. तेथे दोन देशांच्या मधोमध पीस आर्च नावाची एक कमान आहे. अमेरिकेच्या बाजूला एक उघडा ट्रक उभा केला गेला आणि त्यावर उभे राहून ते सीमेच्या दोन्ही अंगांना जमलेल्या हजारो लोकांसाठी गायले. २६ मे १९५७ रोजी त्यांचा आवाज अटलांटिकच्या तळाशी नुकत्याच टाकलेल्या दूरध्वनी तारेतून लंडनच्या सेंट पँक्रस टाऊन हॉलमध्ये पोहोचला. पासपोर्ट माणसाचा अडवला होता, आवाजाचा अडवता येत नव्हता.

८/
सगळ्यांना असा मार्ग सापडला नाही. मार्च १९५७ मध्ये घाना स्वतंत्र झाला. आफ्रिकेच्या मुक्तीचा विचार ज्यांनी अर्धशतकभर मांडला, त्या डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना त्या सोहळ्याचे निमंत्रण होते. पासपोर्ट नसल्यामुळे ते जाऊ शकले नाहीत. तेव्हा त्यांचे वय ८९ होते. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला ही घटना वारंवार आठवते, कारण असा समारंभ पुन्हा होत नाही आणि प्रवासबंदी उठल्यावर तो परतही मिळत नाही.

९/
चित्रकार रॉकवेल केंट यांनी हा प्रश्न न्यायालयात नेला. ‘तुम्ही साम्यवादी आहात की नाही, हे शपथेवर सांगा, मग पासपोर्ट देऊ,’ असे खात्याचे म्हणणे होते आणि केंट यांनी त्यास नकार दिला होता. १६ जून १९५८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी केंट यांच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी लिहिले की प्रवासाचा हक्क हा राज्यघटनेच्या पाचव्या दुरुस्तीने रक्षिलेल्या स्वातंत्र्याचा भाग आहे, आणि विचारांवरून पासपोर्ट नाकारण्याचा अधिकार संसदेने खात्याला दिलेला नाही. रोबसन आणि डु बॉइस यांना पासपोर्ट मिळाले.

१०/
याच निकालाच्या भरवशावर झेमेल डिसेंबर १९६२ मध्ये न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ३ मे १९६५ रोजी लागला. झेमेल ६ विरुद्ध ३ मतांनी हरले.

सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी केलेला भेद नीट समजून घ्यायला हवा. केंट यांना त्यांच्या विचारांमुळे अडवले होते. झेमेल यांना कोणत्याही विचारांमुळे नव्हे, तर सर्वांना सारख्याच लागू असलेल्या परराष्ट्र धोरणामुळे अडवले होते. क्षेपणास्त्रांचे संकट डोळ्यांसमोर होते आणि अशा देशात अमेरिकी प्रवाशामुळे नवा पेच उद्भवू शकतो, हा सरकारचा युक्तिवाद न्यायालयाला निराधार वाटला नाही.

११/
पण झेमेल यांचा दुसरा मुद्दा अधिक खोल होता. स्वतः पाहिल्याशिवाय सरकारच्या क्यूबा धोरणावर मी मत कसे बनवू? पाहण्याचा हक्क हा बोलण्याच्या हक्काचाच भाग नाही काय? वॉरन यांचे उत्तर नकारार्थी होते. बोलण्याच्या आणि छापण्याच्या हक्कातून माहिती गोळा करण्याचा अनिर्बंध हक्क आपोआप मिळत नाही. त्यांनी दिलेला दाखला असा: राष्ट्राध्यक्षांच्या निवासात कोणालाही मुक्तपणे हिंडू न दिल्याने नागरिकाची माहिती कमी होते, म्हणून तेथे शिरणे हा काही हक्क होत नाही.

१२/
डग्लस यांनी भिन्नमत लिहिले. प्रवासावर कधीच बंधन नसावे, असे त्यांचे म्हणणे नव्हते. एखाद्या प्रदेशात रोगाची साथ असेल, तो युद्धक्षेत्रात असेल, तर बंदी योग्यच. परंतु एखादा देश साम्यवादी आहे, एवढे कारण शांततेच्या काळात पुरेसे नाही. विचारांना न घाबरणारा प्रौढ समाज राज्यघटनेने गृहीत धरला आहे, ही त्यांची भूमिका होती. हे मत लक्षात ठेवावे. धाग्यात ते पुढे परत येणार आहे.

१३/
याच काळात काहींनी परवानगी न मागताच प्रवास केला. ‘बाल्टिमोर आफ्रो-अमेरिकन’चे वार्ताहर विल्यम वर्दी बंदी मोडून चीनला जाऊन आले, म्हणून खात्याने त्यांच्या पासपोर्टचे नूतनीकरण नाकारले. १९६१ मध्ये ते पासपोर्टविनाच क्यूबाला गेले. परतल्यावर त्यांच्यावर खटला भरला गेला आणि आरोप होता वैध पासपोर्टशिवाय स्वदेशात प्रवेश केल्याचा! १९६४ मध्ये अपील न्यायालयाने शिक्षा रद्द केली. नागरिकाने आपल्या घरी परत येणे हा गुन्हा ठरवता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले.

१४/
१९६३ च्या उन्हाळ्यात ५८ अमेरिकी नागरिकांचा गट क्यूबाला गेला. हा प्रवास जमवून आणणाऱ्यांवर खटले झाले. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की पासपोर्ट एखाद्या देशासाठी वैध नसणे आणि त्या देशात जाणे हा गुन्हा असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याच वर्षी हनोईला जाऊन आलेले इतिहासकार स्टॉटन लिंड यांच्या प्रकरणात अपील न्यायालय त्याही पुढे गेले. परराष्ट्र खाते पासपोर्टच्या प्रवासावर नियंत्रण ठेवू शकते, माणसाच्या नव्हे, असे त्याने म्हटले.

१५/
म्हणजे साठच्या दशकाच्या अखेरीस पासपोर्टचे कुलूप खिळखिळे झाले होते. पण दुसरे कुलूप तोवर तयार होते. ८ जुलै १९६३ रोजी अमेरिकी अर्थखात्याने क्यूबासंबंधीचे आर्थिक नियम जारी केले होते. त्यांचा आधार होता १९१७ चा, पहिल्या महायुद्धातील, शत्रूशी व्यापाराला मनाई करणारा कायदा. या नियमांत ‘जाऊ नका’ असे कोठेच नाही. क्यूबाशी पैशाचा व्यवहार विनापरवाना करू नका, इतकेच आहे. आता हॉटेलचे भाडे न देता, जेवणाचे बिल न चुकवता, टॅक्सीत न बसता प्रवास करता येत असेल, तर त्याने खुशाल जावे!

१६/
मार्च १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी पासपोर्टवरील बंदीची मुदत वाढवली नाही. अर्थखात्यानेही प्रवासखर्चाला सर्वसाधारण परवाना दिला. १९७८ मध्ये संसदेने कायद्यातच दुरुस्ती केली: अन्य कायद्याने अधिकार दिला नसेल तर युद्ध, सशस्त्र संघर्ष, किंवा प्रवाशांच्या आरोग्यास अथवा जिवाला निकटचा धोका, एवढ्याच कारणांनी एखाद्या देशासाठी पासपोर्ट निर्बंधित करता येईल. डग्लस यांच्या तेरा वर्षांपूर्वीच्या भिन्नमताशी हे शब्द ताडून पाहावेत. अल्पमतातला विचार जवळजवळ जसाच्या तसा कायदा झाला होता.

१७/
झेमेल अखेर जिंकले, असे येथे म्हणावेसे वाटते. पण १९८२ च्या वसंतात रोनाल्ड रेगन यांच्या सरकारने पर्यटन व व्यापारी प्रवासासाठीच्या खर्चाचा परवाना काढून घेतला. सरकारी अधिकारी, पत्रकार, व्यावसायिक संशोधक आणि तेथे जवळचे नातेवाईक असणारे, एवढेच अपवाद उरले. कारण म्हणून क्यूबाला मिळणारे परकीय चलन रोखण्याचे सांगितले गेले. पासपोर्टला कोणी हातही लावला नव्हता. तो क्यूबासाठी पूर्णपणे वैध होता.

१८/
रूथ वॉल्ड व इतर नागरिक न्यायालयात गेले. त्यांचा मुद्दा बिनतोड वाटतो. १९७७ च्या नव्या कायद्याने राष्ट्राध्यक्षांचे शांतताकाळातील आर्थिक अधिकार मर्यादित केले होते. १ जुलै १९७७ रोजी जे अधिकार प्रत्यक्ष वापरात होते, तेवढेच पुढे चालू राहणार होते. त्या तारखेस तर क्यूबाचा प्रवास खुला होता! मग बंदीचा अधिकार वापरात होता कसा?

२८ जून १९८४ रोजी न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सरकारचे म्हणणे मान्य केले. मूळ मनाई नियमात कायम होती, प्रवास खुला होता तो परवान्यामुळे. अधिकार वापरात असल्याचा पुरावा म्हणून तो परवानाच पुढे आला.

१९/
या संपूर्ण इतिहासातील मर्म मला या निकालात दिसते. १९७७ ते १९८२ या काळात हजारो लोक हवानाला गेले. आपण हक्क बजावत आहोत, असे त्यांना वाटले असणार. प्रत्यक्षात ते परवानगी वापरत होते. दोन्ही प्रसंगी विमान तेच, हॉटेल तेच आणि समुद्रकिनाराही तोच. फरक कळतो तो दार बंद होते तेव्हा.

२०/
त्यानंतर बेत आखण्याची एक निराळीच विद्या तयार झाली. कॅनडा किंवा मेक्सिकोमार्गे जायचे, रोख रक्कम न्यायची, कारण अमेरिकी बँकांची कार्डे तेथे चालत नसत. हवाना विमानतळावर पासपोर्टऐवजी सुट्या कागदावर शिक्का मागायचा. तेथील अधिकारीही अमेरिकी प्रवाशांच्या बाबतीत ते करीत. पकडले गेल्यास अर्थखात्याची दंडाची नोटीस येई. २००० साली संसदेने बंदी आणखी पक्की केली. प्रवासाचे बारा प्रकार नियमांत आले: कौटुंबिक, पत्रकारिता, संशोधन, शिक्षण, धर्मकार्य इत्यादी. या बारांबाहेरचे ते पर्यटन, आणि त्याला परवाना देण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांकडेही राहिला नाही.

२१/
नियमांचा सर्वांत बोचरा भाग २००४ मध्ये आला. क्यूबातील कुटुंबीयांना भेटायला तीन वर्षांतून एकदाच, तेही चौदा दिवसांपुरते जाता येई. ‘कुटुंबीय’ कोण हेही नियमाने ठरवले: आजी-आजोबा, आई-वडील, भावंडे, पती-पत्नी, मुले, नातवंडे. काका, मामा, आत्या, मावशी, चुलत-मावस भावंडे यांची नावे त्यात नव्हती. आधीच्या भेटीला तीन वर्षे झाली नसतील आणि तिकडे आई अंथरुणाला खिळली, तर त्यासाठीही अपवाद नव्हता.

आपल्या घरांतील कितीतरी माणसे मावशीने किंवा आत्याने वाढवलेली असतात. एखाद्या खात्यातील कारकुनाने ती आपली ‘कुटुंबीय’ नाही असे सांगितले, तर कसे वाटेल, याची कल्पना करावी.

२२/
त्याच वर्षी शैक्षणिक प्रवासालाही अट लागली. बहुतेक अभ्यासक्रम किमान दहा आठवड्यांचे असायला हवेत. दोन आठवडे दप्तरखान्यात बसून कागद चाळण्याचा माझ्यासारख्या पदव्युत्तर विद्यार्थ्याचा बेत या अटीखाली सहज मोडला असता. एखाद्या देशाचा इतिहास त्या देशात न जाता लिहिता येतो, हे खरे. पण मग तो कोणाच्या कागदांवरून लिहिला जातो, हेही विचारावे लागते.

२३/
पुढचा भाग तुलनेने परिचित आहे. २००९ मध्ये बराक ओबामा यांनी कौटुंबिक भेटींवरील मर्यादा उठवल्या. १७ डिसेंबर २०१४ रोजी दोन्ही देशांनी संबंध सुधारण्याची घोषणा केली. मार्च २०१६ मध्ये ओबामा स्वतः हवानाला गेले आणि ३१ ऑगस्ट २०१६ रोजी, अर्ध्या शतकाहून अधिक काळानंतर, अमेरिकेतून नियमित प्रवासी विमान क्यूबात उतरले. २०१७ आणि २०१९ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या सरकारने पुन्हा निर्बंध आवळले, पर्यटक जहाजे थांबवली. २०२२ मध्ये जो बायडेन यांच्या सरकारने गटाने जाण्याचा एक प्रकार पुन्हा खुला केला. दार उघडले, मिटले, किलकिले झाले. पर्यटन मात्र या सर्व काळात निषिद्धच राहिले.

२४/
येथवर कथा एकाच किनाऱ्यावरून सांगितली. दुसऱ्या किनाऱ्यावर परिस्थिती अधिक कठोर होती. क्यूबाच्या नागरिकाला देश सोडण्यासाठी आपल्याच सरकारकडून निर्गमन परवाना घ्यावा लागे. ‘पांढरे कार्ड’ या नावाने तो ओळखला जाई. तो नाकारल्यास कारण सांगण्याचे बंधन सरकारवर नव्हते. ही पद्धत १४ जानेवारी २०१३ रोजी रद्द झाली. अमेरिकी नागरिक निदान न्यायालयात जाऊन हरू तरी शकत होता. क्यूबाच्या नागरिकाला तेवढीही सोय नव्हती. हे न सांगता केवळ अमेरिकेला बोल लावणे अप्रामाणिकपणाचे होईल.

२५/
या कथेचा एक धागा भारतात येतो. १० एप्रिल १९६७ रोजी सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ३ विरुद्ध २ मतांनी सांगितले की परदेशी जाण्याचा हक्क हा अनुच्छेद २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. सरन्यायाधीश सुब्बा राव यांनी त्यात केंट यांच्या खटल्याचा आधार घेतला. तोवर पासपोर्ट देणे-न देणे सरकारच्या मर्जीवर होते. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत पासपोर्ट कायदा झाला. १९७७ मध्ये मनेका गांधी यांचा पासपोर्ट कारण न सांगता जमा करण्याचा आदेश निघाला, आणि २५ जानेवारी १९७८ च्या निकालाने ठरवले की केवळ कायदा असून भागत नाही, त्याखालील कार्यपद्धतीही न्याय्य व वाजवी असली पाहिजे.

२६/
आणि आपल्याकडेही शिक्का होता. वर्णभेदी राजवटीच्या काळात भारतीय पासपोर्ट दक्षिण आफ्रिकेसाठी वैध नसे. त्या बंदीमागील नैतिक भूमिकेचा मला अभिमान वाटतो. म्हणूनच हा धागा लिहिताना मी अडखळलो. साधन तेच, शिक्का तोच. आपल्याला पटणाऱ्या कारणासाठी तो वापरला की तो दिसत नाही, न पटणाऱ्या कारणासाठी वापरला की टोचतो.

माझ्यापुरते उत्तर असे: बहिष्काराचे साधन सरकारच्या हाती असावे, पण प्रत्येक वेळी त्याला मुदत असावी, कारण लिहून द्यावे लागावे, आणि आजारी आईला भेटायला निघालेल्या माणसासाठी त्यात फट असावी.

२७/
झेमेल यांनी मागितले होते ते फार थोडे होते. जवळच्या देशात जाऊन तेथे काय चालले आहे ते आपल्या डोळ्यांनी पाहावे, आणि परत येऊन आपल्या सरकारचे धोरण बरोबर की चूक ते ठरवावे. न्यायालयाने त्यांना सांगितले की हा हक्क नाही. साठ वर्षांनंतरही त्यांच्या त्या अर्जाला, ‘केवळ कुतूहल’ या कारणासाठी, बारा प्रकारांच्या यादीत जागा नाही.

धागा येथे संपतो. तपशिलात चूक आढळल्यास अवश्य दाखवून द्यावी, दुरुस्त करीन. आपल्या घरातील जुन्या पासपोर्टांवर ‘अमुक देश वगळून’ असा शिक्का असेल, तर त्याविषयीही खाली लिहावे. तो कागद फेकू नये. तोही इतिहासच आहे.